महिपती, गोमाजी आणि पुठ्ठ्यावरचा गड

पाचाडात डोलीवाले पुष्कळ, पण गडावर जायचं म्हटलं की लोक आधी महिपती-गोमाजीला विचारायचे. ज्यांच्या गुडघ्यांना रायगड झेपत नसे त्यांना डोलीत बसवून हे दोघे वर न्यायचे. दांड्याचं पुढचं टोक महिपतीच्या खांद्यावर, मागचं गोमाजीच्या. एकोणीस वर्षं हाच क्रम. मागच्याला वाट दिसत नाही. त्याला डोली दिसते आणि तिच्यापलीकडे पुढच्याची पाठ. म्हणून महिपती बोलत चालायचा, "पायरी हाय", "डावी घे", "निसरडं हाय रे", आणि गोमाजी त्याच्या शब्दावर पाऊल टाकायचा. चढताना सगळा भार मागच्यावर येतो, हे मात्र महिपती कुणाला आपणहून सांगत नसे. माणूस वाईट नव्हता, पण पुढं चालायची सवय एकदा लागली की लागली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आषाढात पुण्याच्या एका कॉलेजातले मास्तर गड उतरताना पाय मुरगळून बसले. दोघांनी त्यांना उचलून महिपतीच्या घरी आणलं आणि तिथं ते दहा दिवस राहिले. पावसात गडावर येणार कोण? दोघांना काम नव्हतं. मास्तरांनी पिशवीतून एक घडीचा पुठ्ठा काढला. डोंगर चढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हा पट स्वतः रंगवला होता. मधे गड, चहूबाजूंनी वर जाणाऱ्या वाटा, वाटेवर मुक्काम आणि पाण्याची टाकी. चिंचोके म्हणजे भाकरी, निळी बटणं म्हणजे पाणी. पुढच्या मुक्कामाला जायचं तर एक चिंचोका आणि एक बटण खर्ची घालायचं. वाट ज्याची त्यानं निवडायची, उभी घ्या नाहीतर वळशाची. आधी माथा गाठेल तो जिंकला.

पहिले दोन दिवस खेळ कमी आणि वाद जास्त.

"मास्तर, ही वाट कुणी सांगितली तुमाला? दुपारी इथं ऊन तोंडावर येतंय. एका बटणात कोण चढंल?" गोमाजी म्हणायचा.

मास्तर हसायचे, आणि खरंच त्या वाटेला दोन बटणं लिहायचे. महिपती चौथी शिकलेला, नियम त्याला आधी कळले. गोमाजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण चौथ्या दिवसापासून गोमाजी जिंकायला लागला तो थांबेचना. कुठं थांबायचं, कुठं भाकरी राखायची, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. मास्तर जाताना पट त्यालाच देऊन गेले. महिपती तोंडानं "बरं झालं" म्हणाला, पण ते त्याला लागलं होतं.

श्रावणात एका दुपारी गोदूबाईच्या खानावळीत पट मांडला होता. चार माणसं बघत होती. शेवटच्या टाक्यावर दोनच बटणं असतात. आधी पोचलेल्यानं एक घ्यावं नाहीतर दोन्ही, नियमाला दोन्ही चालतं. गोमाजी आधी पोचला आणि त्यानं दोन्ही उचलली. महिपतीची सोंगटी एक मुक्काम खाली अडकून पडली.

आता ही गोष्ट पुण्याच्या पोरांना साधी वाटली असती. पण डोलीवाल्यांत रीत अशी की टाक्यावर पुढं पोचलेला मागच्यासाठी पाणी राखतो. तहानेनं जीव गेला तरी राखतो. महिपतीला पुठ्ठा दिसेना, सोंगटी दिसेना. त्याला खरंच कुणी कड्यावर पाण्यावाचून टाकून गेल्यासारखं झालं. त्यानं पट उधळला.

"असला माणूस मागं असंल तर मी डोली उचलणार नाय."

"खेळ हाय रे, महिपती," गोमाजी म्हणाला. मग चिंचोके वेचता वेचता थांबला. "एकोणीस वर्सं तुझ्या पाठीकडं बघत चाललो. एकदा पुढं गेलो, तर तुला बघवलं नाय."

एवढं बोलून तो पट काखेत घालून निघून गेला.

दसऱ्याला डोलीचा हंगाम उघडतो. पुढचा माणूस नारळ घेऊन मागच्याच्या दारी जातो, दोघं मिळून दांड्याला तेल लावतात आणि मग डोली निघते. त्या दसऱ्याला गोमाजी सकाळपासून अंगणात बसून होता. महिपतीनं नारळ आणला होता, पायात वहाणाही घातल्या होत्या. पण चार माणसांत बोललेला शब्द गिळायचा कसा, या विचारात दुपार झाली आणि तो गेला नाही. मूर्खपणा होता, दुसरं काही नाही. पुढं त्यानं दुसरा गडी जोडीला घेतला. गोमाजी बायकोला, मैनाला, घेऊन कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला.

चैत्रात एक ट्रकवाला महाडला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून निरोप घेऊन आला. गोमाजीला ताप चढलाय, येऊन जावा.

"त्यानं बोलावलंय का मला?" महिपतीनं विचारलं. "माझं नाव घेतलं?"

"नाव काय माझ्यासमोर घेतलं नाय. बाई म्हणाली, सांगा म्हणून."

नाव घेतलं नाही, तर जायचं कशाला? महिपती गेला नाही. रात्री जेवला मात्र नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की रात्री गाडी मिळेना म्हणून गोमाजीला झोळीत घालून पोलादपूरच्या दवाखान्याकडं नेताना तो वाटेतच गेला. उचलणाऱ्यांना उचलायची सवय नव्हती. दर शंभर पावलांवर ते खाली ठेवत होते.

महिपती धावत कशेडीला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. मैना झोपडीच्या दारात बसली होती. तो तिच्यासमोर मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडला. एवढ्या वर्षांत त्याला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"ट्रकवाला म्हणाला, त्यानं माझं नाव घेतलं नाय. म्हणून मी..."

"दोन दिवस बोलणंच गेलं होतं त्यांचं," मैना म्हणाली. "नुसते खांद्यावर हात मारून पाचाडच्या अंगाला बोट करायचे. मला कळलं, म्हणून मीच सांगावा धाडला."

"नीट सांगायचंस ना गो. मी उठून आलो असतो."

मैनानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"तुमाला नीट सांगावं लागंल, असं वाटलं नव्हतं, भावजी."