शेडमधलं माणिक

माणसांचं काहीच न ऐकणारा आणि दगडाचं मात्र सगळं ऐकणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो धाकटा दीर म्हणून माझ्या वाट्याला आला. घड्याळात बसवायचे खडे बनतात अशा कारखान्यात काही वर्षं राबून भाऊजी परतले, ते तिथलं मोडीत निघालेलं यंत्र घेऊनच. आमच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये ते गॅसच्या ज्योतीतून पांढरी भुकटी टकटक करत खाली सोडत. ती वितळून दांडीच्या टोकावर थर धरी आणि लाल माणिक गाजरासारखं वाढत जाई. तशी दांडी हळूहळू खाली घ्यायची. उशीर झाला की माणिक पसरे, घाई झाली की त्याला उंदराची शेपटी फुटे, आणि वाऱ्यानं ज्योत हलली की आल्याच्या गाठीसारखं वाकडं होई. म्हणून भर मे महिन्यात भाऊजींनी मागच्या खिडकीतला आमचा कूलर बंद करवला. सासरे उघडे बसून शिव्या देत राहिले, भाऊजी ज्योतीकडे बघत राहिले. जेवताना भाजीवर मीठ घ्यायचं तरी चमच्यावर बोटानं टकटक करत, कणाकणानं. भाजी गार होई, पण मीठ सगळीकडे सारखं पडे.

माझ्या मुलीचं जमलं तेव्हा नवऱ्या मुलाच्या पत्रिकेत सूर्य दुबळा म्हणून व्याह्यांनी जावयाच्या अंगठीत माणिक मागितलं. खाणीतल्या माणकाची आमची ऐपत नव्हती. भाऊजींनी एक सरळ, न तडकलेलं वाढवून दिलं, कारागिरानं त्याला पैलू पाडले. साक्षगंधात तोंड उघडायचं नाही, असं मी त्यांना बजावलं होतं. व्याह्यांनी अंगठी उजेडात धरली आणि खडा कोणत्या सराफाकडचा म्हणून विचारलं.

"सराफ कायले पाहिजे? म्या वाढवला, मागच्या शेडात."

"म्हणजे नकली?"

"नकली काच असते. हे माणिकच आहे. जमिनीतून नाही निघालं, एवढंच."

व्याह्यांनी अंगठी ताटात परत ठेवली. विहीणबाई पदर सावरून उठायच्या बेतात. माझ्या मुलीनं मान खाली घातली ती वर होईना. भाऊजींना तिथंच भट्टीत घालावंसं मला वाटलं. तेवढ्यात नवरा मुलगा, गिरणीत यंत्रं दुरुस्त करणारा, पुढे सरकला.

"काका, सरळ कसं वाढते हे? वाकडं काहून नाही होत?"

झालं. भाऊजी सतरंजीवर त्याला चिकटून बसले आणि आमची पुरणपोळी थंड झाली. शेवटी मुलानंच अंगठी उचलून बोटात घातली. बापानं सूर्याचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एवढ्या आगीतून निघालं बाबा, सूर्याले चालन."

लग्न झालं. मग दर दिवाळीला जावई आला की त्याच्या चपला आधी शेडपाशी दिसत, आणि चार दिवस तिथंच. पुढे भाऊजी गेले, यंत्र भंगारात गेलं, शेडमध्ये मी आता सरपण ठेवते. जावई अजून येतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, चहा घेतो, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत जातो.