पोटावरचे जांभळे पट्टे

एकोणिसावं लागलं आणि माझं पोट वाढू लागलं. हातपाय काटक्यांसारखे, तोंड मात्र गोल, तांबडं. हनुवटीवर केस आले. चार महिने पाळी नव्हती. आरोंद्याच्या आमच्या वाडीत याचा अर्थ एकच निघत होता.

एका दुपारी आईने मागचं दार लावून घेतलं. "खरां सांग गो, कोणाचां?"

"कोणाचां नाय गो आये. देवाशपथ."

तिने दंड धरून मला गदागदा हलवलं. तिची बोटं लागली तिथले काळेनिळे डाग पंधरा दिवस गेले नाहीत. मग सुईण आली. पोट चाचपून म्हणाली, "पोर नाय हिच्या पोटात."

"मगे ह्यां काय वाढता?" आईला तेही पटेना. मी विहिरीवर गेले की बायका कळश्या उचलून निघून जात. एकदा गेले ती पाणी आणायला नव्हे. पण मांड्यांत जोरच नव्हता. कठड्यावर पाय चढेना. म्हणून वाचले.

वडील मचव्यावर तांडेल होते, महिनोनमहिने समुद्रावर. सफरीवरून आले आणि मला एसटीने कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"हे जांभळे पट्टे पोटावर कधीपासून आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला. "हे मूल नव्हे. मूत्रपिंडावर एक लहानशी ग्रंथी असते, ती नको तितका रस सोडतेय. मुंबईला न्या. उशीर केलात तर मुलगी हातची जाईल."

वडिलांनी हात जोडले. "डाक्टरानू, पोर नाय, इतक्यां कागदार लिवन द्या."

वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबई गाठली. इस्पितळात दिवसदिवसभराची लघवी काचेच्या बरणीत साठवायची. पाठीत हवा भरून एक्स-रे काढला, तेव्हा डाव्या मूत्रपिंडावर गाठ दिसली. ती काढली आणि खरे हाल सुरू झाले. डावी एकटीच रस सोडत राहिल्याने उजव्या मूत्रपिंडावरची ग्रंथी झोपी गेलेली. त्या रसाऐवजी द्यायचं कॉर्टिसोनचं इंजेक्शन जरा लांबलं की ओकाऱ्या, घेरी, अंग थंडगार. "माका घराक न्हेया," एवढंच मी म्हणत होते.

वर्षभरात तोंडावरची सूज उतरली. दुखण्यात हाडं ठिसूळ होऊन पाठीला आलेला बाक मात्र राहिला. लग्न जमलं नाही. पाळी परत आली त्या दिवशी आई न्हाणीच्या दाराशी बसून ओक्साबोक्शी रडली. मी तिला ओलांडून बाहेर गेले.