रोज तीन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पापडी निवडणं. सुरती पापडी, वालाच्या कोवळ्या शेंगा, अर्धा किलो. दुपारचे चार वाजले असतील. खोलीबाहेरच्या गॅलरीत बायको भिंतीला टेकून बसलेली, मी समोर पाटावर, मध्ये थाळी. शिरा मी ओढायच्या, दाणे तिने बघायचे. तिची बोटं दुखायची म्हणून शिरा माझ्याकडे आल्या. उपकार म्हणून नाही. ती एका शेंगेला एवढा वेळ लावायची की मला बघवायचं नाही. मी म्हणायचो, "शेंग सोलतेस का बाळंतपण करतेस?"

त्या दिवशीही म्हणालो. ती हसली नाही, रागावलीही नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. धुळ्याकडून इकडे सुरतेला आलो ते लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. आधी उधन्याला, मग पांडेसऱ्याला, आणि खोली बमरोलीत. लूमवर कापड विणून त्याचा ताका झाला की तो टेबलावर ओढून बघायचा, डाग, तुटलेला धागा, गाठ मोजायची आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. सारी उमर हेच केलं. लूमच्या आवाजाने कान गेले, डोळे चांगले राहिले.

बायको घरी बसून नव्या साड्यांचे लोंबते दोरे कापायची. गठ्ठे यायचे, गठ्ठे जायचे. आठेक वर्षांपूर्वी तिचं सुरू झालं. आधी हात, मग पाठ, मग सगळं अंग. अंघोळ केली की धाप लागून पडून राहायची, जसं कोणी बडवून काढलंय. पुढे वास सुरू झाले. नव्या कापडाचा वास आला की डोकं फुटायचं, जीभ जड व्हायची. प्रिंटच्या मिलचा धूर, फिनेल, उदबत्ती, फोडणी, एकेक वाढत गेलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. रिपोर्टची पिशवी मी खुंटीला टांगून ठेवली होती. ती कण्हायला लागली की पिशवीकडे बोट दाखवायचो. "त्या पिशवीला सांग. तिच्यात लिहिलंय तुला काय झालंय ते."

उदबत्ती विझव म्हणाली की माझं ठरलेलं उत्तर होतं. "कुठं येतोय वास?"

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आमच्या पोरीलासुद्धा नाही. एकदा मी तिची परीक्षा घेतली. मिलमधून ताजा छापलेला ड्रेसचा तुकडा आणला, प्लास्टिकमधून काढला आणि ती शेजारी गेली होती तेव्हा तिच्या गादीखाली सरकवला. नाटक असेल तर कळेल, म्हटलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तासाभरात ओकायला लागली. संध्याकाळपर्यंत ओठ सुजले. पाणी पाजताना मला म्हणाली, "आज तर काही नवं आणलं नाही घरात, मग हे कसं?" मी म्हणालो, "तेच तर. मनाचे खेळ आहेत." ती मोरीत गेली तेव्हा तुकडा काढून नेला.

म्हणजे मला त्या दिवसापासून माहीत होतं. खरं मानलं असतं तर खोली बदलावी लागली असती, मिलपासून लांब जावं लागलं असतं, आणि या वासात तिला आणलं कोणी हेही मानावं लागलं असतं. त्यापेक्षा ती खोटी, हे सोपं पडलं.

मागच्या दिवाळीनंतर दवाखान्यात एक डॉक्टर पोरगी भेटली. सगळं नॉर्मल असूनही ज्यांचं अंग दुखतं, थकवा जात नाही, वास सोसत नाहीत, अशा माणसांवर ती संशोधन करत होती. गुजराती पोरगी, आमच्याशी हिंदीत बोलायची. ती बायकोला म्हणाली, "मासी, ये नाटक नहीं है. हम यही तो ढूँढ रहे हैं." आठ वर्षांत असं बोललेली ती पहिली. बायको तिथंच रडायला लागली आणि मला लाज वाटली. तिच्या दुखण्याची नाही. लोक बघत होते त्याची.

त्या डॉक्टर पोरीने एक वही दिली. दीड महिना रोज एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शेजारी कोणता वास आला ते. वही बघून काही जणांना पुढच्या तपासणीत घेणार, आणि ज्यांना घेतील त्यांना कागद मिळणार, की हा आजार आहे, यांना झालाय. बायकोला औषधाचं काही पडलेलं नव्हतं. तिला तो कागद पाहिजे होता. घरी येताना रिक्षात म्हणाली, "तो कागद आपण भिंतीले लावू. तुमनी पिशवी काढी टाकू."

तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं. रोज दुपारी विचारायची, "लिखं का आज?" आणि सांगायची. आज सात. आज पाच, जरा बरं आहे. आज नऊ. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो आणि तीन लिहायचो.

यामागचं कारण खात्यातलं आहे. ताक्यात शून्य दोष लिहिले तर वरचा मास्तर म्हणायचा, बघितलंच नाहीस. पाचाच्या वर लिहिले तर माल बाजूला पडायचा आणि कारागीर अंगावर यायचा. तीन लिहिलं की कोणी विचारत नाही. ताका पास. हात तसाच बसला होता. मला खरंच वाटलं होतं की दोष कमी दिसले तर तिला पास करतील. हे एक. दुसरं म्हणजे ती नऊ म्हणायची तेव्हा माझ्या मनात यायचं, कसले नऊ, चहा तर पिऊन बसलीस. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त खरं ते मला विचारू नका.

दर आठवड्याला वहीच्या पानांचे फोटो मोबाईलवर पाठवायचो. दीड महिना संपला तरी तिने वही बंद करू दिली नाही. कोणी सांगावं, मागतील, म्हणायची.

त्या दिवशी पापडी अर्धी झाली होती तेव्हा फोन आला. माझे कान गेलेले, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. सगळ्या गॅलरीला ऐकू जातो.

"काका, मासी को आगे नहीं ले रहे हैं. उनका दर्द तो रोज़ तीन ही है. कम है, अच्छा ही है ना."

"हां," मी म्हणालो.

"सच बोलूँ काका? रोज़ एक सरखा दर्द किसी का नहीं होता. बड़े डॉक्टर को लगा मासी ऐसे ही कुछ भी बोल देती हैं."

तेव्हा बोलायचं होतं. हातात शेंग होती, तोंडात जीभ होती. मी म्हणालो, "ठीक छे बेन," आणि फोन ठेवला.

बायको थाळीकडे बघत होती. "मी ते रोज खरं सांगेल व्हतं," एवढंच म्हणाली. मोठ्याने नाही. मला ओठांवरून कळलं.

मी पुढची शेंग उचलली. शिरा ओढत राहिलो. तीही दाणे बघत राहिली. किडका दाणा वेगळा, चांगला वेगळा. थाळी संपल्यावर म्हणाली, "आजनं लिखा."

"आता कशाला?"

"लिखा. आज नऊ शे."

मला राग आला. पकडला गेलो की माणसाला राग येतो. वही तिच्यासमोर मांडीवर घेतली, पाठ केली नाही, आणि लिहिलं. तीन.

तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. साड्यांच्या गठ्ठ्यांवर आकडे असतात. मला हे माहीत होतं. तिने वहीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"भाजी तुम्हीच टाका फोडणीला," ती म्हणाली. "मी आत पडते."

फोडणी द्यायची असली की मी आतलं दार लावून घ्यायचो, तेवढं करायचो. त्या दिवशी नाही लावलं. तेल तापवलं, ओवा टाकला, लसूण टाकला, मिरची टाकली. मुद्दाम. धूर आत जाऊ दे, म्हटलं, खोकू दे. तिचा खोकला मला ऐकू यायचा, एवढा मोठा असायचा.

खोकला आला नाही.

मी पापडी परतली, पाणी घातलं, झाकण ठेवलं, मग आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. पदर नाकाला लावलेला नव्हता. त्यावरून कळलं.

गल्लीतला डॉक्टर आला. हार्ट बंद पडलं म्हणाला. मी विचारलं, ते दुखणं होतं त्याने? तो म्हणाला, "त्याचा काही संबंध नाही काका, ते तर मनाचं होतं." मीच त्याला आठ वर्षं हे सांगत आलो होतो.

चलथाणहून आमची पोरगी आली. न्यायचं सकाळी ठरलं.

सकाळी सात वाजता शेजारच्या वहिनीने तिच्या डोक्याशी उदबत्तीचा जुडगा लावला. दहा-बारा काड्या एकदम. मी उठलो आणि पेटती टोकं बोटांनी चिमटून विझवली. दोन बोटं भाजली.

"भाऊ, असं नाही करत," वहिनी म्हणाली. "उदबत्ती लागतेच. आता तिला कुठं येतोय वास?"

माझंच वाक्य. मी जुडगा उचलून बाहेरच्या गटारात टाकला. पोरगी रडत म्हणाली, "आबा, जिवंत होती तेव्हा विझवायची होती." सगळ्यांदेखत म्हणाली. बरं केलं.

मी गॅलरीत येऊन डॉक्टर पोरीला फोन लावला.

"मासी कैसी हैं?" तिने विचारलं.

"गई. कल शाम को."

ती काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागली. मी मध्येच तोडलं. "वो तीन मैंने लिखा था. उसने कभी तीन नहीं बोला. वो झूठी नहीं थी. आप बड़े डॉक्टर को बोलो."

आतल्या बायका दाराशी आल्या. फोन मोठ्या आवाजावरच होता.

डॉक्टर पोरगी म्हणाली, "काका, फिर सही वाले याद हैं? कौन से दिन कितना?"

मी वही उघडली. दीड महिना आणि वरचे दिवस, पान पान तीन. एकेका दिवसावर बोट ठेवून आठवत बसलो. ती रोज बोलली होती, मी एक दिवस ऐकलं नव्हतं. सात कधी म्हणाली, पाच कधी, बरं वाटलेला दिवस कोणता, काही नाही.

"कल का याद है," मी म्हणालो. "कल नौ."

"एक दिन से कुछ नहीं होगा काका," ती म्हणाली. आवाज गोड होता. पण तिने खोटं सांगितलं नाही.

फोन ठेवला. कालच्या रांगेतला तीन खोडला आणि बाजूला नऊ लिहिला. भाजलेल्या बोटांनी पेन नीट धरता येईना, आकडा वाकडा आला. शेजारी वासाची जागा रिकामी होती. तिथे लिहिलं, फोडणी. मग खाली तिरडीला सुतळी कमी पडली म्हणून हाक आली, तसा वही मिटून जिना उतरलो.