खिडकीजवळ राहिलेला रोल

चूक माझी होती. बुलेटप्रूफ जॅकेटच्या कापडाचा रोल तपासायला मी त्यावरचं काळं प्लास्टिक काढलं आणि तो तसाच खिडकीशी ठेवून दोन दिवसांच्या सुट्टीवर खारघरला घरी गेलो. महापेच्या त्या कारखान्यात मी सुपरवायझर. या कापडाला ऊन लागलं की धागा कमजोर होतो, हे नव्या माणसांना मीच शिकवायचो.

परतलो तेव्हा रोल गुंडाळून जागेवर ठेवलेला होता, पण बारीक झालेला. मला माझा विसराळूपणा आठवला नाही. आठवल्या त्या कापड कापणाऱ्या मावशी. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या, माझ्याहून वयानं मोठ्या. धागा चिवट, मासेमारीच्या जाळ्याला चालेल असा, आणि त्यांच्या घरी होडी. एवढ्यावरून मी त्यांना चोर ठरवलं. आठवडाभर पाळत ठेवली. त्या टेबलाखाली वाकल्या तरी संशय यायचा. पिशवी रोज जरा जास्तच फुगलेली वाटायची. बोलणं मी बंदच केलं.

शेवटी गेटवर, सगळ्यांसमोर, मी ती पिशवी रिकामी करायला लावली. डबा, छत्री, सुकटीची पुडी.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, सुकट बुलेटप्रूफ हाय का बघा!"

मावशी हसल्या नाहीत. मला आत टेबलापाशी घेऊन गेल्या. खालच्या खोक्यात रोलचे कापून काढलेले वरचे वेढे होते, तपकिरी पडलेले, प्रत्येकावर खडूची फुली.

"उन्हानं जालं कुजतं साहेब, मंग ह्ये नाय कुजनार? गोली आली का एक धागा दुसऱ्याला वढतो, दुसरा तिसऱ्याला, तवा ती अडते. कुजका धागा काय वढनार?"

जॅकेटमधली पुढची सिरॅमिकची पाटी रायफलीच्या गोळीचं टोक मोडते, मागचे थर उरलेला जोर पसरवून जिरवतात, हे मी फळ्यावर काढून दाखवायचो. त्या थरांमागे कुणाची तरी छाती असते, हे ध्यानात धरून मावशी कापड कापत होत्या.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगनार व्हते. तुमी तोंडाकडं बघत नव्हता. दुसऱ्याला सांगितलं तर तुमची नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. उरलेला रोलही चाचणीशिवाय वापरायचा नाही, असं ठरलं. मग जिथे पिशवी रिकामी करायला लावली होती, तिथेच सगळ्यांना थांबवलं आणि म्हणालो, "रोल मी उघडा टाकला आणि चोर तुम्हाला ठरवलं. मावशी, मला माफ करा."