आमच्या पानात घुसायचं नाय!

करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी पन्नाशीपुढच्या मंडळींना विकी आणि ब्लॉग शिकवतो. त्यांना इंटरनेट किती आलं, देव जाणे. माझ्याकडे मात्र किस्से इतके साचलेत, की बायको म्हणते, "आता यांच्यासाठी वेगळा फ्लॅट बघा!"

*

पहिला दिवस. मी म्हणालो, "विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं सुधारावं."

जुन्या गावातले हिरामण पाटील दचकले. "कुनीपन? मंग गेटवर वॉचमन कोन हाय?"

*

साताऱ्याकडच्या शिंदेकाकूंना ब्लॉग लगेच पटला. आपली डायरी, पण जगाने वाचायची! पहिलाच लेख : 'सुनेची अळणी आमटी'.

"अहो काकू, सूनबाई वाचतील की!"

"वाचू दे. तोंडावर बोललं की भांडण होतंय."

रविवारी खाली पहिली कॉमेंट : 'आई, मीठ डॉक्टरांनी कमी सांगितलंय. बीपीची गोळी घेतली का?'

काकू उसळल्या, "बघा! हितंबी शेवटचा शब्द हिचाच!"

*

हिरामणभाऊंचा चुलत भाऊ किसनही क्लासला यायचा. घराच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. एक या कोपऱ्यात, दुसरा त्या.

हिरामणभाऊंना एकच ध्यास. आजोबांनी बांधलेलं गावचं तळं बुजवून तिथे टॉवर झाला. निदान इंटरनेटवर तरी आज्याचं नाव राहावं! दोन बोटांनी टाइप करून त्यांनी तळ्याचं पान तयार केलं.

संध्याकाळपर्यंत किसनने 'आजा' खोडून 'आजी' केलं. खाली भर : 'आजा खाडीवर असायचा. तळं आजीनेच उभं राहून बांधून घेतलं.'

दुसऱ्या दिवशी पानावर ठळक अक्षरांत पाटी! 'सदर पान खाजगी मालकीचे आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.'

"भाऊ, विकीच्या पानाला मालक नसतो."

"टाकलंय कुनी? मी! मंग?"

*

शेवटी दोघांना सांगितलं, विकीवर भांडायला चर्चेचं वेगळं पान असतं, तिथे भांडा.

झालं! हिरामणभाऊंनी एका कोपऱ्यातून टाइप केलं, 'खिडकीजवळ बसलेल्या इसमाने आज्याची बदनामी थांबवावी.' दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, 'पंख्याखालच्या इसमाने आजीचे कष्ट खाऊ नयेत.'

मधल्या खुर्चीतल्या शिंदेकाकू म्हणाल्या, "जरा हळू टायपा की! मला लिहू द्या."

*

आजा-आजीची ही खोडाखोड काही थांबेना. मग एका शनिवारी मीच शहाणपणा केला. दोघांचंही काढलं आणि विकीला शोभेल असं तटस्थ वाक्य घातलं : 'हे तळे नेमके कोणी बांधले, याबाबत कुटुंबात मतभेद आहेत.'

रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघतो, तर एकच स्कूटर! पुढे हिरामणभाऊ, मागे किसन.

दोघे धाडधाड वर आले. हिरामणभाऊंचा आवाज चिरकत होता. "सर, आमच्या घरातलं भांडन जगाला सांगनारे तुमी कोन?"

किसनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, तू पानी पी. याला मी बगतो!"