ऊ फो ठिन यांचा डावा गाल

ऊ फो ठिन गेली तीस वर्षं मंडालेत ह्ने वाजवतात. कर्कश, भांडखोर सनई ती. देवाच्या पूजेला त्यांचा सूर पाव पाव तास तुटत नसे. फुगलेल्या गालातली हवा बाहेर ढकलता ढकलताच नाकाने नवा श्वास घ्यायचा, ही त्यांची हातोटी.

आमच्या दवाखान्यात मोजणी चालू होती. निरोगी माणसाचा गाल किती फुगतो, गाल आणि दात यांच्यात किती जागा होते, हे एमआरआयवर मोजायचं; फोटो काढायचं काम माझं. पान खाणारा चालणार नव्हता, कारण पानाने गाल आखडतो. आमच्या गावात पान न खाणारी चाळीस माणसं शोधायची म्हणजे चेष्टाच! त्यात हे आपणहून आलेले.

"काका, पान खाता?" फॉर्म भरताना मी विचारलं.

"नाही गं, मा नांदा."

दात मिठाने घासून आले होते, पण फटींमधली लाली काही लपत नव्हती. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? मी मुकाट ‘नाही’ लिहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मशीनच्या आत गेल्यावर त्यांनी मला पार वैताग आणला. गाल फुगवून वीस सेकंद स्थिर राहायचं, एवढंच काम. तीनदा फोटो फिसकटला.

"काका, हलू नका म्हटलं ना!" मी माइकवर ओरडले.

"हललो कुठं? श्वास घेतला फक्त."

"तोच नका घेऊ!"

"तीस वर्षांची खोड आहे, पोरी. गालांना कोण सांगणार?"

चौथ्यांदा जमलं, आणि मी पडद्याजवळ वाकले. उजवीकडे बोटभर पोकळी होती, डावीकडे काडी मावेल इतकीच. ‘नाही’ लिहिलेला तो फॉर्म मी दोनदा खाली ठेवला, दोनदा उचलला. निरोगी म्हणून नाव नोंदलं असल्याने आता हे फोटो फक्त मापं घ्यायला जाणार होते. इलाज करणारे डॉक्टर ते बघणारच नव्हते.

ते बाहेर आले. चपला हातातच होत्या.

"बरा आलाय ना फोटो?"

"ठीक आहे," मी बोलून गेले. स्वतःचाच राग आला.

ते दारापर्यंत गेले, थांबले. "मग परवा पूजेला वाजवायला हरकत नाही. हल्ली डावीकडे हवाच भरत नाही गं, सूर मधेच तुटतो. म्हटलं, वय झालं असेल."

मी तो फॉर्म टराटरा फाडला.

"काका, दिवसाला किती पानं?"

ते खाली बसले. "पंधरा. कधी वीस."

"मग मघाशी ‘नाही’ असं का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर आत घेतलं असतंस?" ते चपलांकडे बघत म्हणाले. "आणि तू माझे दात बघितलेस की. मला वाटलं, आता रागावशील. पण तू गप लिहून टाकलंस. म्हटलं, शिकलेल्या पोरीला काही वाटलं नाही, म्हणजे काही नसणार."

मी त्यांचा हात धरला आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे घेऊन गेले.