पालथं झोपून ऐकलेली कादंबरी

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे वाचनाचा सगळा भार उजव्यावरच होता. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर चढून पडद्याला दाबून धरतो, म्हणून दहा दिवस तोंड खाली. पालथंच झोपायचं."

"आणि वाचन?"

"ते महिनाभर विसरा."

एका शाळेच्या ऑफिसात मी नोकरी केली आणि हडपसर ते स्वारगेट बसमध्ये बसून निम्मं आयुष्य कादंबऱ्या वाचल्या. निवृत्तीनंतर आम्ही शहराबाहेर मांजरी गावात राहायला आलो, तरी शहरातल्या वाचनालयाची वर्गणी मी सोडली नाही. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातच तिथून एक नवी कादंबरी मिळाली होती. दोन महिने तिच्यासाठी नंबर लावून बसले होते. आता ती उशाशी होती आणि मी गादीवर पालथी, समोर फरशी.

मुलीने फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. पण वाचणारी बाई प्रत्येक वाक्यावर हळहळायची. कुणी नुसतं दार उघडलं तरी तिचा गळा दाटून यायचा. अर्ध्या तासात मी ते बंद करायला लावलं.

"कुठंय तुझं पुस्तक?" नवऱ्याने विचारलं. "मी वाचतो."

हा माणूस कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर होता. पेपर आणि मशिनची माहितीपुस्तकं सोडून त्याने काही वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि नोटीस वाचावी तशा आवाजात सुरुवात केली. गंमत म्हणजे तो सपाट आवाज मला आवडला. हसायचं कुठे, हळवं व्हायचं कुठे, ते माझं मी ठरवू शकत होते.

कादंबरी पन्नाशीच्या एका बाईची. नवरा सज्जन, पण बायकोकडे बघायचं विसरलेला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यावर तिचा जीव जडतो. वाचनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी गोष्टीतली ती दोघं कामानिमित्त परगावी गेली. नवरा वाचत होता, "त्याने खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी सातला परतीची बस सुटली."

"थांबा. मधलं कुठे गेलं?"

"मधे विशेष काही नाही."

"किती पानं?"

पानं चाळल्याचा आवाज. "चार."

"अहो, एकसष्टीची बाई आहे मी. वाचा."

तो उठला. शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचं काम चाललं होतं, म्हणून त्याने खिडकी लावली. मग ती चारही पानं त्याने 'विजेच्या बोर्डाला हात लावू नये' अशा सूचनेच्या सुरात वाचून काढली. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. शेवटी त्यालाही हसू फुटलं. पण ती पानं चांगली होती. उतरत्या वयातल्या शरीराबद्दल इतकं साधं आणि स्वच्छ लिहिलेलं मी फार वाचलेलं नाही.

सहाव्या दिवशी एक प्रसंग आला. नायिका सहकाऱ्याला सांगते, "तीस वर्षांत माझ्या नवऱ्याने मी काय वाचते हे एकदाही विचारलं नाही." नवरा वाचता वाचता थांबला.

"मीही कधी विचारलं नाही," तो म्हणाला.

मी फरशीकडे बघत म्हटलं, "नाही विचारलंत."

"विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

त्याच्या शिफ्टा, सासूबाईंचं आजारपण, मुलीची शाळा, या सगळ्यातून बसमधला तो तास मी माझ्यासाठी राखला होता. त्यात कुणीही नको होतं, तोसुद्धा.

"नसतं सांगितलं," मी म्हटलं.

"मग झालं," तो म्हणाला, आणि वाचू लागला. आवाज मात्र थोडा खाली गेला होता.

नवव्या दिवशी कादंबरी संपली. मला ती फार आवडली, असं मी सांगितलं. त्याने पुस्तक मिटलं. "बाई पटली. पण त्या नवऱ्याला लेखिकेने बोलायलाच दिलं नाही. सारखा आपला 'किल्ली कुठंय' आणि 'चहा टाक'. अशाला सोडून जाणं सोपं."

मला राग आला. आयुष्यभर कादंबऱ्या वाचल्या मी, आणि पहिल्याच पुस्तकात हा मला दोष दाखवणार! "तुम्हाला त्याचा कळवळा येणारच," मी टोमणा मारला. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

महिन्याने वाचायची परवानगी मिळाली. मी तीच कादंबरी मोठ्या भिंगाखाली पुन्हा उघडली, मुद्दाम त्यातल्या नवऱ्याचे प्रसंग शोधत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर निघालं. एकदाच, बायको आजारी असताना, तो माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि तिथेच प्रकरण संपतं. मी बसमध्ये वाचलं असतं, तर ते माझ्या लक्षातही आलं नसतं. इतकी वर्षं मी आपोआप अशा नायिकांच्या बाजूने होते. कादंबरी अजूनही मला चांगलीच वाटते, फक्त तिच्यातली ती रिकामी जागा आता दिसते. तसं मी त्याला सांगितलं. "बघ," एवढंच तो म्हणाला.

आता डोळा बराच सुधारलाय. ओळी मधेच किंचित वाकतात, त्याची सवय झाली. वाचनालयातून मी एका वेळी दोन पुस्तकं आणते. एक तो दुपारी मोठ्याने वाचतो आणि चहापर्यंत आमचं त्यावरून वाजतं. दुसरं मी एकटी वाचते. त्यात काय आहे, हे त्याने अजून विचारलेलं नाही आणि मीही सांगत नाही.